आप्पांचं पोतं

आमच्या बोट क्लबात पोत्याला लाइफ जॅकेट घालणारा माणूस एकच, कासुर्डीचे आप्पा. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्या सीटवर ते वाळूचं पोतं बसवतात, जॅकेटचे पट्टे आवळतात आणि स्वतः मागं बसून वल्हं मारतात. दर दहा-बारा वल्ह्यांनी पोत्याला विचारतात, “हायस नव्हं?” पोतं बोलत नाही. आप्पा पुढं निघतात.

क्लब म्हणजे भीमेच्या काठावरची पत्र्याची शेड आणि सहा बोटी. पलीकडं शिरूर तालुका, अलीकडं दौंड. रविवारी सकाळी केडगाव-यवतची पोट सुटलेली मंडळी तिथं जमतात. मी शाळामास्तर, त्यामुळे स्वतःला न येणारी गोष्टही शिकवायची सवय आहे.

आप्पांची शेवंतीची बाग आहे. पण जीव पोत्यात. नवरात्रात त्यांनी पोत्यातली ओंजळभर वाळू काढली. दिवाळीनंतर दोन ओंजळी वाढवल्या. “का हो?” म्हटलं, तर म्हणाले, “फराळ झालाय.”

मग एका रविवारी काकी, म्हणजे आप्पांची बायको, आल्या. आप्पा मोटरसायकलवर आले, काकी मागून एसटीनं. शेडमध्ये खुर्ची घेऊन, हाताची घडी घालून बसल्या. आप्पांचा चेहरा दहावीच्या पोरासारखा झालेला.

“आज परीक्षा हाय, सर,” एवढंच बोलून ते वल्हं आणायला गेले.

मला वाटलं, बायकोसमोर बिचाऱ्यानं पोत्याबरोबर काय जायचं? मी पोतं जॅकेटसकट उतरवलं आणि दुसरं जॅकेट चढवून तिथं स्वतः बसलो.

“उठा सर. ती जागा मोकळी न्हाई.”

“चला हो आप्पा. पोत्यापेक्षा मी बरा.”

“पोतं हलत न्हाई,” आप्पा म्हणाले. पण काकींसमोर वाद नको म्हणून बसले.

नदीच्या मधोमध मागून आलं, “हायस नव्हं?” उत्तर देताना समोरच्याकडं तोंड करावं, हे मी पोरांना वीस वर्षं सांगतोय. मी अख्खा वळलो. कयाक माझ्याहून जास्त वळली.

वर आलो तेव्हा जॅकेट कानापर्यंत चढलं होतं. शेजारी आप्पा वर आले आणि तोंडातलं पाणी थुंकायच्या आत ओरडले, “हायस नव्हं?”

“हाय, हाय,” मी म्हणालो. त्यांनी माझं बखोट धरलं ते काठापर्यंत सोडलं नाही.

काठावर आप्पा मटकन बसले. “दीड वरीस पोत्याला पाणी लागू दिलं न्हाई,” म्हणाले, “आन् आज तिच्या डोळ्यादेखत...”

मग कळलं. अठरा वर्षांपूर्वी काकी कासुर्डीच्या गतिरोधकावर आप्पांच्या गाडीवरून पडल्या. नशिबानं मुरमाच्या ढिगावर. आप्पा यवतपर्यंत शेवंतीच्या रोपांबद्दल बोलत गेले. मागून आवाज येईना, तेव्हा बायकोला पटलं असं समजले. यवतला दोन चहा सांगितले आणि मग मागं बघितलं. तोवर काकी बसनं घरी. त्या दिवसापासून त्या आप्पांच्या कुठल्याही वाहनावर बसल्या नव्हत्या.

“हितं ती पुढं बसती, सर. डोळ्यासमोर ऱ्हाती. म्हून म्हनलं, तिच्या वजनाच्या पोत्यावर हात बसवावा. आता कशाला बसतीय.”

काकी उठल्या. थेट माझ्यासमोर आल्या. “मास्तर, जाकीट काढा.”

“मी?”

“मला काय पोत्याचं बसायचं न्हाई.”

“अगं, आत्ताच उलटलीया ती,” आप्पा म्हणाले.

“बघितलं की. तवा यवतपतूर एकदाबी इचारलं न्हाई. आज नाकातोंडात पानी हुतं तरी इचारलं.” पट्टे बांधता बांधता त्या पोत्याकडं वळल्या. “आन् एवढी जाड न्हाई मी. दोन ओंजळी काढा त्यातल्या.”

काठावर मी आणि पोतं, दोघं जागेवरून उठवलेले, शेजारी शेजारी बसलो. मी ओला, ते जॅकेटात. कयाक मधोमध पोचली. पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं,

“हायस नव्हं?”

काकींनी मान वळवली नाही. माझ्यापेक्षा शहाण्या.

“हाय,” म्हणाल्या.

दीड वर्षात पुढच्या सीटवरून उत्तर कधी आलंच नव्हतं. आप्पांचं वल्हं तसंच हवेत राहिलं, थेंब गाळत.