कपाखालची बशी

सोमवारी सकाळी दीक्षाच्या चहाच्या कपाखाली बशी होती.

निरीक्षण छोटं आहे. पण मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे, छोट्या निरीक्षणांवरच माझं पोट चालतं. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या आमच्या कापड कारखान्यात माणिकबाई सगळ्यांना कागदी ग्लासात चहा देतात. मला, दुपारच्या पाळीतल्या मोनालीला, बॉयलरवाल्यांना, अगदी पाहुण्यांनासुद्धा. आणि दीक्षाला चिनी मातीचा कप. शिवाय बशी. तीही निळ्या काठाची!

गेल्या दिवाळीपर्यंत हीच दीक्षा माझ्या प्रयोगशाळेत रंगाचे नमुने मोजायची. पिपेट कसं धरायचं हे तिला मी शिकवलं. मग तिनं कुठूनसं एक डेटा इंटिग्रेशन टूल शिकून घेतलं. म्हणजे असं की गेटची हजेरी एका मशीनमध्ये, प्रयोगशाळेचे आकडे दुसरीकडे, अकोल्याच्या गोदामाची माहिती भलतीकडेच; हे सगळं आपोआप एका जागी आणून एकमेकांशी जुळवून देणारं सॉफ्टवेअर. त्या एका टूलवर तिला आधी वेगळं टेबल मिळालं, मग वेगळा सेक्शन, मग डोक्यावर पंखा. आणि आता बशी!

इकडे माझ्या प्रयोगशाळेत रंग जुळवणारं यंत्र आलं होतं. मी डोळे ताणताणून जे करायचे, ते हा डबा नुसता 'टिंग' करून सांगायचा. आमचे मॅनेजर शेषरावसाहेब, त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "चारुशीला मॅडम, पुढच्या महिन्यापासून एक तर दीक्षाच्या सेक्शनला या, नाही तर अकोल्याचं गोदाम सांभाळा."

अकोला! रोज जाऊन-येऊन! मे महिन्यात!

दीक्षा स्वतःहून येऊन म्हणालीही होती, "ताई, या न माह्याकडे. मी शिकवतो तुमाले. अवघड नाही काही."

"विचार करते," मी म्हटलं. तेव्हापासून मी विचारच करत होते.

"अगं, हो म्हणून टाक की!" आमचे हे, म्हणजे स्वानंद, कोर्टात जाताना रोज म्हणायचे.

"तिच्या हाताखाली? पिपेट मी शिकवलंय तिला!"

"बरं. मग अकोल्याचा डबा पहाटे कोण करणार, तेवढं ठरवू."

मी मनाशी पक्कं ठरवलं. जे दीक्षाला येतं ते मला न यायला काय झालं? अणूंची मांडणी तोंडपाठ असलेल्या बाईला हे टूल म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळण्याइतकं सोपं! मी व्हिडिओ पाहायला बसले. तेही दीडपट वेगानं!

बुधवारी संधी चालून आली. दीक्षा अकोल्याला गेली होती आणि शेषरावसाहेब कपाळाला हात लावून उभे होते.

"अमरावती आणि अकोला, दोन्हीकडच्या माणसांची माहिती एक करायची आहे. हजेरी, रजा, गेट, सगळं. दीक्षा उद्या येईल तेव्हाच होईल बहुतेक."

"उद्या कशाला?" मी म्हटलं. "मी करते!"

साहेबांनी माझ्या नावानं टूल उघडून दिलं आणि मी दीक्षाच्या खुर्चीवर बसले. पंखा खरंच छान होता.

टूलनं विचारलं, इकडचा माणूस आणि तिकडचा माणूस एकच आहे हे कशावरून ओळखायचं? नावावरून? छे! एकाच माणसाचं नाव दोन ऑफिसांत दोन तऱ्हांनी लिहिलेलं. कर्मचारी क्रमांक? दोन्हीकडचे वेगळे. मग मी शास्त्रीय विचार केला. पदार्थ ओळखायचा तर त्याचा वितळणबिंदू बघावा. माणसाचा वितळणबिंदू म्हणजे त्याचा मोबाइल नंबर! ज्याचा नंबर एक, तो माणूस एक. मी बटण दाबलं, 'लगेच लागू करा'वरही टिचकी मारली आणि हात झटकले. कारखान्यातली माणसं एकदम बरीच कमी झालेली दिसली. मला वाटलं, वा! काय स्वच्छ काम झालं!

दुपारच्या पाळीची बस आली आणि गेटवर ओरडा सुरू झाला.

मी धावत गेले. पहिल्या बाईनं कार्ड लावलं, दार उघडलं. मशीनच्या पडद्यावर अक्षरं आली: 'नत्थुजी, स्वागत.' दुसरीनं कार्ड लावलं. 'नत्थुजी आधीच आत आहेत.' तिसरीनं लावलं. 'नत्थुजी आधीच आत आहेत.' बॉयलरवाला गोवर्धन छातीवर हात मारून ओरडत होता, "अबे, मी गोवर्धन हाओ! नत्थुजी तर थे बसमधी बसले!"

नत्थुजी म्हणजे आमचे बस ड्रायव्हर. पांढऱ्या मिशा, कपाळावर टॉवेल. ते स्टिअरिंगवर मोबाइल टेकवून शांतपणे वाचत होते.

"बाई, सकाळपासून कंपनी लय प्रेमात आली माह्या," ते मला म्हणाले. "वाढदिवसाच्या शुभेच्छा देल्या. मंग अजून एक वाढदिवस. मंग लग्नाचा वाढदिवस. मंग म्हणते, बॉयलरवर या. मंग म्हणते, अकोल्याले गोदामात या. आन् आता पाहा."

त्यांनी मोबाइल पुढे केला. 'नत्थुजी, आपली प्रसूती रजा मंजूर झाली आहे. आजपासून सहा महिने. शुभेच्छा!'



"माही रजा त्यायले देली?" मागून मोनाली किंचाळली. सातवा महिना, हातात कार्ड, आणि दार तिला आत घेईना. "मॅडम, बाळ त्यायले होऊन राहिलं का मले?"

"नत्थुजी, बस बाजूला घ्या आधी!" शेषरावसाहेब घामाघूम होऊन आले.

"कशी घेऊ, सायेब? मी रजेवर आहो."

"अहो, ती चुकून..."

"मंजूर झाली म्हणजे झाली. या अवस्थेत जड गाडी चालवू नाही म्हणतात."

बस गेटात आडवी, बायका बाहेर, मशीनं आत. साहेबांनी दीक्षाला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून आम्ही तिच्या टेबलाकडे पळालो. मागोमाग अर्धी पाळी कुंपणावरून आली.

"ताई, जुळवलं कशावर?" दीक्षानं विचारलं.

"मोबाइल नंबरवर."



"ताई, बसनं येणारे समदे लोक फॉर्मात नत्थुजीचाच नंबर देतात. घरचे लोक वावरात असतात, फोन कोण उचलते? निरोप नत्थुजीच घरोघरी पोचवतात. अकोल्याचेही तसेच, थे हप्त्यातून एकदा माल घेऊन जातात न तिकडे."

"बरं, मग तू दुरुस्त कर तिथून."

"मी नाही करू शकत. नोकरीले लागली तवा मीही त्यायचाच नंबर देला होता. टूल मले आत घेऊन नाही राहिलं. म्हणते, तुमी प्रसूती रजेवर आहे."

दारात उभ्या नत्थुजींनी सहानुभूतीनं मान हलवली.

म्हणजे दुरुस्ती करू शकणारी एकच व्यक्ती उरली होती. मी!

"दीक्षा," मी खुर्ची ओढत म्हटलं, "मला सांग, आता काय करू?"

तिनं सांगितलं. पिपेट धरायला शिकवावं तसं, सावकाश. आधी काय थांबवायचं, सकाळची जुनी प्रत कुठे असते, ती परत कशी आणायची. मी चुकले तर म्हणायची, "होते तसं, ताई. मागं या." एक टोमणा नाही! टोमणा मारला असता तर मला तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता. ती हुशार होतीच, वर चांगलीही निघाली. एकाच माणसाकडे किती गोष्टी असाव्यात!

शेवटी गेटवरून आरोळी आली, "गोवर्धन, स्वागत!" मोनालीची रजा मोनालीला मिळाली. नत्थुजी जरा खट्टू होऊन बसकडे गेले.

माणिकबाईंनी दीक्षाच्या टेबलावर सवयीनं दीक्षाचाच कप ठेवला. बशीसकट! मी हळूच कप उचलून बशी बाजूला सरकवली, निळा काठ नीट बघता यावा म्हणून, आणि घोट घेतला. गरम चहा टपटप माझ्या मांडीवर!

"अवो मॅडम!" माणिकबाई ओरडल्या. "बशी काहून काढली? फुटका हाय तो कप! दीक्षाबाई टाकूही देत नाही, म्हणून खाली बशी ठेवतो मी!"

सगळे हसले. फोनमधून दीक्षासुद्धा.

"दीक्षा," साहेब फोनकडे वाकून म्हणाले, "तुझ्या सेक्शनसाठी मला आज नाव हवं. नाही तर बाहेरून माणूस घेतो."

"मी तर कवाचं नाव देलं, सायेब. ताईच विचार करून राहिल्या."

 दारातून, खिडकीतून सगळी पाळी माझ्याकडे बघत होती. ओढणीतून चहा ठिबकत होता.

"दीक्षा, मी येते तुझ्या हाताखाली," मी म्हटलं. "फक्त माझा चहा कागदी ग्लासातच सांग."