बाकवाल्या साहेबांचा त्याग

माणूस खुर्चीवर असतो तोवर त्याला विचार करायला सवड नसते, आणि खुर्ची गेली की त्याचे विचार ऐकायला इतरांना सवड नसते. या दोन्ही अडचणी एकदम दूर कराव्यात म्हणून शिक्षण खात्याने माजी शिक्षणमंत्र्यांचं चिंतन-सत्र भरवलं. जागा ठरली एका सरकारी शाळेतला सातवीचा वर्ग. (शिक्षणाचा विचार शाळेत बसूनही करता येतो, ही कल्पना खात्याला नवीन होती. ती मंजूर व्हायला दोन सरकारं लागली.)

चिंतनाला तीन माजी मंत्री होते. त्यांची नावं लोक विसरले होते, पण कामं विसरणं शक्य नव्हतं. परीक्षावाल्यांनी पहिल्या कारकिर्दीत परीक्षा बंद केल्या आणि दुसऱ्या कारकिर्दीत त्याच पुन्हा सुरू केल्या. दोन्ही निर्णय ऐतिहासिक ठरले. दोन्ही वेळा त्यांचा सत्कार झाला, आणि भाषणही त्यांनी तेच केलं. गणवेशवाल्या ताईंनी गणवेशाचा रंग तीनदा बदलला. पोरं शिकली की नाही हे सांगायला वेळ लागतो, रंग बदललेला मात्र लांबूनही दिसतो, असं त्यांचं शास्त्र होतं. आणि तिसरे बाकवाले साहेब. गोष्ट त्यांची आहे.

बाकवाल्यांचं धोरण समतेचं होतं. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलांची मापं घेऊन त्यांनी सरासरी काढली आणि त्या सरासरीचा एकच बाक सगळ्या वर्गांना दिला. पुढची फळी आणि बसायची फळी लोखंडी दांडीने जोडलेली, म्हणजे ओढाओढीला वाव नाही. पहिलीची पोरं त्यात लोंबकळत आणि दहावीची दुमडत. शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना तो बाक होत नसे. उरलेली तीन पाचवीत होती. ती सहावीत गेल्यावर तीही तक्रार करू लागली. तेव्हा कोणावरही अन्याय झालेला नाही, असा अहवाल आला.

आता साहेबांना पद जाऊन बराच काळ लोटला होता. पूर्वी दारात चपलांचा ढीग पडे. आता काळं कुत्रं फिरकत नव्हतं. फोन वाजला तर पलीकडचा माणूस 'गॅसवाले का?' असं विचारी, आणि साहेब त्यालाही दोन मिनिटं बोलण्यात गुंतवून ठेवत. त्यामुळे सत्राच्या शेवटी आजीव सल्लागार मंडळाचा अध्यक्ष जाहीर होणार, आणि तो आपणच, अशी आतली खबर लागल्यापासून त्यांना झोप नव्हती. आजीव म्हणजे मरेपर्यंत. मरेपर्यंत गाडी, शिपाई आणि दारात चपला.

"मिळालं तर घ्या, पण तिथे ताणत बसू नका," निघताना बायको म्हणाली.

"अगं, पहिल्याच हाकेला उठलं तर हावरट दिसतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. रीतच आहे ती."

"रीत असू दे. गुडघे तिसऱ्या हाकेला उठतात का बघा."

चिंतन छायाचित्राने सुरू झालं. नेत्यांनी विद्यार्थ्यांच्या बाकांवर बसावं असा छायाचित्रकाराचा आग्रह. परीक्षावाल्यांना तेवढ्यात कंबर आठवली, ताईंना पाठ. दोघांनी खुर्च्या मागवल्या. बाकवाल्यांना माघार घेणं शक्य नव्हतं. स्वयंपाक्यानेच ताट सारलं तर पंगत काय म्हणेल?

"साहेब, थोडं आत," छायाचित्रकार म्हणाला. साहेब थोडे आत गेले. "अजून जरासं." साहेब अजून जरासे गेले. आत कुठेतरी खट्ट झालं. फोटो सुरेख आला.

मग भाषणं झाली. परीक्षावाले म्हणाले, "मी परीक्षा बंद केल्या त्या वर्षी एकही मूल नापास झालं नाही. जगात आहे का कुठे असा निकाल?" ताई म्हणाल्या की शेवटचा रंग त्यांनी मळखाऊ निवडला, कारण मातीशी नातं टिकलं पाहिजे. बाकवाले बसूनच बोलले. (श्रोत्यांना यात साधेपणा दिसला.) आपल्या कारकिर्दीचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "माझ्या बाकावरून आजवर एकही मूल उठून पळालेलं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच साहेबांनी पाय सोडवून पाहिला आणि आपलं म्हणणं किती खरं आहे हे त्यांना कळलं.

विद्यमान मंत्र्यांनी नाव पुकारलं. "अध्यक्षपदासाठी आपले बाकवाले साहेब! या, व्यासपीठावर या."

"नको, नको," साहेब म्हणाले. हे ठरल्याप्रमाणे होतं.

दुसऱ्यांदा पुकारा झाला. साहेबांनी हात जोडून मान हलवली. हेही ठरल्याप्रमाणे होतं, फक्त कपाळावर घाम आला होता.

तिसऱ्यांदा पुकारा झाला आणि साहेब उठले नाहीत.

अडकलो म्हणावं, तर नुकत्याच मिळालेल्या टाळ्या परत कराव्या लागणार. न म्हणावं, तर पद जाणार. राजकारणात न उठणाऱ्या माणसाचा अर्थ एकच लावतात. विद्यमान मंत्री खाली उतरून त्यांच्या कानाशी लागले.

"काय हो, किती ताणता? उपाध्यक्षही तुमचाच माणूस हवा का? दिला."

"तसं नाही..."

"बंगला? बघू, तोही बघू. पण आता उठा!"

"उठायचंच आहे हो," साहेब कळवळून म्हणाले.

"मग घोडं अडलंय कुठे?"

घोडं गुडघ्यापाशी अडलं होतं. साहेबांनी एकदा दांडीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्यांकडे. मग घसा साफ करून म्हणाले, "मला पद नको. मी आयुष्यभर विद्यार्थीच राहीन. माझी जागा इथे, या बाकावर आहे!"

सभा उभी राहिली. गणवेशवाल्या ताईंनी डोळ्यांना पदर लावला. परीक्षावाल्यांची कंबर त्या क्षणी बरी झाली आणि एकाही 'नको'विना ते व्यासपीठावर चढून अध्यक्ष झाले. मग सगळे जेवायला गेले. एवढा मोठा त्याग केलेल्या माणसाला एकांत द्यावा, असं सर्वानुमते ठरलं.

बायकोचा फोन आला. "मिळालं?"

"सोडलं."

"तुम्ही आणि सोडलं? खरं सांगा, कुठे अडकलात?"

साहेबांनी फोन ठेवला. वर्गात आता फक्त शाळेच्या मुख्याध्यापिका उरल्या होत्या.

"बाई, सुतार आहे का हो?"

"होता साहेब. नव्या अध्यक्षांसाठी खुर्ची करायला नेलाय."

"मग मुलं कशी निघतात यातून?"

"खाली सरकून, बाकाखालून रांगत." बाई अदबीने म्हणाल्या आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तारीख पुसू लागल्या. पाठीमागे कण्हणं, लाकडाची करकर आणि पांढरं कापड फाटल्याचा आवाज झाला. तारीख कधीच पुसून झाली होती, तरी बाईंनी फळा दोनदा पुसला.

नव्या मंडळाचा पहिला ठराव बाकवाल्यांच्या गौरवाचा झाला. त्यागाचं स्मारक म्हणून तसेच बाक आता महाविद्यालयांतही बसवणार आहेत, जमिनीत पक्के. सत्र पूर्ण यशस्वी झाल्याचा अहवाल आहे. त्यात एकच त्रुटी राहिली. कामाचा दिवस, वर्ग सातवीचा, बाक सातवीचे, आणि दिवसभर तिथे माजी मंत्री. मग सातवीची मुलं होती कुठे, हे सभेत एकानेही विचारलं नाही. पण सभेला तरी काय बोल लावायचा? तुम्हीही इथवर हसतच आलात.