पीनट बटरवरील टपाली शेरे

शेंगदाणा हा जन्मतःच पूर्ण झालेला पदार्थ आहे. त्याला सुधारण्याचे काम मानवजातीने बरेच नंतर हाती घेतले आणि ते अजून संपलेले नाही.

तृप्तीच्या हे लक्षात आले ते वैशाखात, वडिलांचे वजन आठ किलोंनी उतरल्यावर. परसराम हे मोहाडीचे निवृत्त पोस्टमन. दिवाळीनंतर त्यांची पत्नी मंगलाबाई गेल्या तेव्हा ते एकसष्ट किलोंचे होते, आता त्रेपन्न. (मंगलाबाईंचे वजन आयुष्यभर कोणी केले नव्हते. केले ते थेट दवाखान्यात.)

तृप्ती नागपूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ती रोज सकाळी फोन करून विचारी, "बाबा, काल जेवले का?" परसराम सांगत, "जेवलो." या निवेदनाची पडताळणी शेजारच्या आनंदाबाई करीत.

"काय जेवते वं तुहा बाप! चहात तोस बुडवते अन् जेवलो म्हणते. भाजी नेऊन देली तं माह्याच बकरीले घातली."

डॉक्टर म्हणाले, प्रोटीन वाढवा. दुःखात माणसे निरनिराळी कामे काढतात, तृप्तीने वर्गीकरण काढले. बाजारात मिळणाऱ्या सर्व पीनट बटरांची वेष्टने वाचून तिने एका वहीत त्यांचे चार वर्ग पाडले.

वर्ग चार: घटक अकरा. पहिला घटक साखर. शेंगदाण्याला दुसरे स्थान मिळाले आहे, ते त्याने गुणवत्तेवर मिळवले असे दिसते. वर्ग तीन: घटक पाच. यात दाण्याचे तेल वर येऊ नये म्हणून दुसरेच एक घट्ट केलेले तेल घालतात. (दाण्याला त्याच्या स्वतःच्या तेलापासून वाचवण्याची ही सोय आहे.) वर्ग दोनमध्ये दाणे आणि मीठ. वर्ग एकमध्ये नुसते दाणे, आणि म्हणून ते शोधायला सर्वांत अवघड.

पहिली बरणी वर्ग चारची गेली. वर्गीकरण पूर्ण व्हायच्या आधीच तृप्तीने ती मागवली होती, कारण वेष्टनावर एक आजोबा हसत हसत डोंगर चढत होते.

इथे परसरामांची एक सवय सांगणे आवश्यक आहे. छत्तीस वर्षे टपाल वाटल्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते निळ्या पेनाने शेरा मारतात. विजेचे बिल, लग्नाची पत्रिका, निवडणुकीचे पत्रक, कोणीही यातून सुटलेले नाही. बरणीच्या झाकणावर त्यांनी लिहिले: "घेण्यास नकार."

"हे फल्ली नोहे, बाई," ते फोनवर म्हणाले. "फल्लीची दूरची मावसबहीण आहे." (मोहाडीत शेंगदाण्याला फल्ली म्हणतात.)

दुसरी बरणी वर्ग तीनची. तिच्यावर शेरा आला: "पत्ता अपुरा."

"आता काय झालं, बाबा?"

"'थेट निसर्गातून' असं लिवलं आहे. निसर्ग कोणत्या तालुक्यात येते? पिनकोड नाही, काही नाही."

मग तृप्तीने दोन आठवडे अभ्यास केला. दोनशे चौदा ग्राहकांची मते वाचली. (त्यांपैकी एकशे नव्वद जणांचे मत खोक्याविषयी होते.) अखेर वर्ग एकची बरणी मिळाली: भाजलेले दाणे, दळलेले, बस्स. ती मोहाडीला पोहोचली आणि परसरामांनी झाकणावर लिहिले: "फुटक्या अवस्थेत प्राप्त."

"तेल वरतं आलं होतं," त्यांनी कळवले. "ओतून घेतलं. दाराची कडी करकर करत होती, आता बेस चालते. खालतं नुसती ढेप उरली."

"अहो बाबा, ते ढवळून खायचं असते!"

"ढेप माणसाले काहून पाठवतेस वं? ढेप ढोराले देतात."

ढेप (म्हणजे पेंड) आनंदाबाईंच्या बकरीला गेली, आधीच्या दोन्ही बरण्यांच्या मागोमाग. या काळात बकरीचे वजन चार किलोंनी वाढले, परसरामांचे आणखी एकाने घटले. प्रक्रियेच्या कोणत्याही वर्गाबाबत बकरीची तक्रार नाही. तिन्ही वेळा कंपनीचा संदेश मात्र तृप्तीला न चुकता आला: "आपले पार्सल पोहोचले आहे."

आता तर्क सरळ होता. प्रक्रिया कमी करत करत आपण एकपर्यंत आलो आहोत, तेव्हा उत्तर शून्यात असणार. तृप्तीने रजा टाकली, पिशवीत मिक्सरचे खोके घातले, भंडाऱ्याला गाडी बदलली आणि नेमकी बाजाराच्या दिवशी मोहाडीला उतरली. टरफलासकट किलोभर फल्ली घेतली. योजना अशी होती की वडिलांच्या डोळ्यांदेखत फोडायची, भाजायची, दळायची, म्हणजे नकाराला जागाच राहू नये.

दोघे घरापुढच्या छपरीत बसले, मध्ये टोपली. परसराम भिंतीला टेकून, त्यांच्या नेहमीच्या जागी. समोरची जागा मंगलाबाईंची. तृप्ती तिथे बसली, कारण सावली तिथेच होती.

पहिला पाव तास फक्त टरफले फुटल्याचा आवाज. मग परसरामांनी एक दाणा तोंडात टाकला. थोड्या वेळाने हे प्रमाण तीन दाणे टोपलीत, एक तोंडात असे झाले. अर्ध्या तासाने निम्मे-निम्मे. तृप्ती बघत होती, पण बोलली नाही. कोणी मन लावून काही करत असेल तर आवाज करू नये, हा ग्रंथालयाचा नियम आहे. तो तिनेच मोडला. हातातले काम चालू असताना तिच्या तोंडून निघून गेले:

"टोपलीत टाका जी, पोटात नाही."

परसरामांचा हात मध्येच थांबला.

"तुही माय असंच म्हणे."

"माहीत आहे."

"अन् मी आयकत नव्हतो," असे म्हणून त्यांनी तो दाणा तोंडात टाकला.

ऊन उतरल्यावर आनंदाबाई डोकावल्या, मागे बकरी. "काय वं पोरी, किलोभराचे दाणे कुठी गेले? नुसते टरफलंच दिसून राहिले!"

"टोपली गळते," परसराम म्हणाले. बकरीने टरफले हुंगली आणि परिस्थिती बदलल्याचे ओळखून ती निघून गेली.

एकूण तयार झालेले पीनट बटर: निरंक. मिक्सर खोक्यातच राहिला. त्या खोक्यावर परसरामांनी तारीख घालून शेरा मारला, "पोहोचले", आणि पेन खिशाला लावत विचारले, "पुढच्या बाजारी येशील का?"

"येतो न. अभ्यास अपुरा आहे अजून."

तृप्तीच्या वहीत वर्ग शून्यापुढे लिहिले आहे: "घटक दोन. दाणे, आणि समोर बसायला एक माणूस." वर्ग एकमध्ये एक घटक असताना शून्यात दोन कसे, ही वर्गीकरणातली उघड चूक आहे. तिने ती दुरुस्त केलेली नाही.

वाचकांपैकी ज्यांनी गावी आईवडिलांना असाच एखादा पौष्टिक डबा पाठवला असेल, त्यांना पार्सल पोहोचल्याचा संदेश आला असेलच. त्यांनी काळजी करू नये. संदेश खरा आहे. डबा पोहोचला आहे.