चावऱ्या फायलींचे पुंडलिकभाऊ

पुंडलिकभाऊ फाइल हातात घेण्याआधी तिला पट्टीनं डिवचत.

अकोल्याच्या आमच्या कचेरीत मी हेडक्लार्क, ते रेकॉर्डकीपर. नवा साहेब आला की विचारायचा, "विंचू आहेत का हो आत?"

"विंचवाले नांगी एकच असते साहेब. इच्यात पानोपानी हाये."

त्यांच्या लेखी फायलींच्या तीन जाती. गरीब, झोपाळू आणि चावरी. चावरीला काळी दोरी. "कामाची हाये, पन चावते," हे त्यांचं पालुपद. खोटं नव्हतं. आमच्याकडे रिवाजच होता: जुनी फाइल जो सही करून बाहेर काढेल, तिच्यातल्या वरच्या कचेरीच्या थकलेल्या शंकांची उत्तरंही त्यानंच द्यायची.

एकदा हिवरखेडचे गवई गुरुजी आले. त्यांच्या वस्तीची विहीर अर्धी खोदून पडलेली. पुढची मंजुरी जुन्या मोजमापाशिवाय मिळेना, आणि मोजमाप नेमकं काळ्या दोरीत. त्या विहिरीच्या सिमेंटची काही पोती कुठं गेली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, "काढा फाइल." लगेच एका कारकुनाचं पोट दुखू लागलं. दुसऱ्याचे सासरे मूर्तिजापूरहून येणार होते. मी तुंबलेलं टपाल आवरायला घेतलं. तेही कोणीतरी आवरायलाच हवं होतं.

भाऊंनी गुरुजींना विचारलं, "बाया पानी कुठून आनते?"

"नाल्यातून. वाळूत झिरा कोरून. दोन घागरीले सकाळ जाते."

भाऊंनी फाइल डिवचली नाही. सरळ दोरी सोडली, सही ठोकली आणि म्हणाले, "घ्या गुरुजी, उतरवून. लवकर लिवा, ते जागी होईल."

मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, पेन्शन जवळ आली. काहून अंगावर घेता?"

"तुमच्या खिशातलं तर नाही ना जाऊन राह्यलं?" एवढंच बोलले.

विहिरीला उन्हाळ्याआधी पाणी लागलं. पाठोपाठ भाऊंच्या नावानं वरून पत्र आलं: सिमेंटबाबत आपलं म्हणणं काय, ते कळवावं. भाऊंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"वाईट झालं," मी म्हणालो.

"वाईट कायचं? बायको गेल्यापासून 'तुमचं म्हननं काय' असं मले कोनं इचारलंच नोतं."

'पोत्यांविषयी माहिती नाही' एवढं एका ओळीत लिहून भागलं असतं. भाऊ माझ्याकडून कोरे कागद मागून घेऊन गेले. बरेच.