सासऱ्यांचा आवाज

बायकोच्या फोनमधलं काही पुसायचं असेल तर आधी तिला विचारावं. मी विचारलं नाही. (ऑफिसात अडकलेला प्रिंटर एकदा माझ्या हातून चालू झाला. तेव्हापासून मला कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही.)

त्याचं असं झालं. सासूबाईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला आम्ही टेबलावर ठेवायची डिजिटल फ्रेम आणली. तिच्यात लावायचा होता सासऱ्यांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाच, फक्त एकदाच, बायकोला "तुझंच बरोबर होतं" म्हटलं होतं. हरवलेली कपाटाची किल्ली त्यांच्याच कोटाच्या खिशात निघाली, तेव्हा. नशिबानं माझी बायको समोर फोन धरून उभी होती. सासूबाईंना ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं.

"व्हिडिओच टाका हं," बायकोनं बजावलं.

पण व्हिडिओ म्हटला की बटण दाबणं आलं, आणि सासूबाईंना बटण सापडत नाही. जिफ कसं, आपलं आपण हलतं, संपलं की पुन्हा सुरू. मी नेमका बोलण्याचा तुकडा कापून जिफ केलं. मग फोन हलका व्हावा म्हणून मूळ व्हिडिओ पुसला, आणि कामात कसर नको म्हणून फोनची कचरापेटीही रिकामी केली.

वाढदिवशी फ्रेम लावली. सासऱ्यांनी मान खाजवली, बोट दाखवलं, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा मान, बोट, तोंड.

"अहो, आवाज वाढवा की," बायको म्हणाली.

"जिफला आवाज नसतो."

"मग व्हिडिओ लावा."

"तो... जागा होत नव्हती ना, म्हणून..."

"अहो!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. बावन्न वर्षांतली एकुलती एक कबुली मी पुसून टाकली होती.

सासूबाई मात्र फ्रेमकडे टक लावून बसल्या होत्या. "जावईबापू, ती खुर्ची ओढा," त्या म्हणाल्या. "यांनी तोंड उघडलं की तुम्ही म्हणा."

मी बसलो. सासऱ्यांनी तोंड उघडलं.

"तुझंच बरोबर होतं."

"घाई झाली. ओठांबरोबर म्हणा. आणि जरा नाइलाजानं. यांना काही आनंद झाला नव्हता."

"तुझंच... बरोबर होतं."

जिफ थांबत नाही, हा त्याचा गुण मीच सगळ्यांना कौतुकानं सांगितला होता. बाराव्या वेळी सासूबाई डोळे पुसता पुसता हसल्या. "अस्सेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या, आणि मला इतकं हायसं वाटलं की माझेही डोळे भरून आले.

तेवढ्यात बायको समोर आली. हातात फोन.

"आता एकदा इकडे बघून म्हणा."

"तुझंच बरोबर होतं," मी म्हणालो. (आता सवयच झाली होती.)

"छान. झालं."

"जिफ करून देऊ?"

"काही नको. व्हिडिओच राहू दे, आवाजासकट."

तो व्हिडिओ तिनं तिथूनच आपल्या तिन्ही बहिणींना धाडला. त्यांनी तो आपापल्या नवऱ्यांना समोर बसवून दाखवला म्हणे. तिन्ही साडू तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत.