नव्या चुन्यावरचे खिळे

दिवाळीच्या तोंडावर घरमालकाने प्रताप नगरातल्या आपल्या चारी बिऱ्हाडांना चुना मारायला काढला. नत्थूजींच्या मुलीला, ताराला, पाहायला उद्या पाहुणे येणार, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांच्या खोलीला पहिला नंबर दिला. ती खोली वाळून दुधासारखी दिसू लागली. आता शेजाऱ्यांच्या भिंती ओल्या होत्या, आणि तसबिरी उघड्या अंगणात.

आधी रहमतबी आल्या. "नत्थूभाई, ताजबागच्या दर्ग्याचा फोटू आजची रात तुमच्याकडे राहू द्या." मग धंतोलीच्या एका दवाखान्यातली नर्स मार्थाबाई येशूला घेऊन आली. शेवटी मारोतराव, काखेत बुद्धाची तसबीर.

"ठेवा जमिनीवर कुठंबी," मारोतराव म्हणाले. "बुद्ध काही देव नोहेत. रागावनार नाही."

"ते नाही रागावनार, मी रागावन. पाय लागला म्हंजे?" नत्थूजींनी कोराडीच्या देवीशेजारी ओळीने तीन नवे खिळे ठोकले.

बायको रुख्मिणीने कपाळाला हात लावला. "अवो, पोराची माय जिजाबाई लई कडक हाये. मागच्या ठिकानी देवाचं तोंड चुकीच्या दिशेले होतं म्हनून चहा न घेता उठली."

"उद्या सकाळीच उतरवतो ना वं."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. "धंतोलीत पेशंटले पाहाले आली होती," जिजाबाई आत येत म्हणाल्या, "म्हटलं, उद्याचं काम आजच करून घेऊ." मागे नवरा मुलगा, मान खाली.

बसता बसता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली. नत्थूजी खुलासा करणार, तोच रहमतबी लोबानाचा धूप घेऊन आल्या; गुरुवारची जुमेरात होती. मागून मार्थाबाई, हातात मेणबत्ती. मारोतराव येऊन नुसतेच हात जोडून उभे राहिले. दिवेलागण झाली होती, म्हणून रुख्मिणीनेही निरांजन लावलं. कोणी कोणाला सरक म्हटलं नाही. लोबानाचा धूर देवीच्या नथीवरून बुद्धाच्या मिटल्या डोळ्यांपर्यंत गेला, मेणबत्तीचा उजेड दर्ग्याच्या घुमटावर चढला, आणि ती साधी चुन्याची भिंत आतून उजळल्यासारखी झाली. चहाचा ट्रे घेतलेली तारा दारातच थबकली.

जिजाबाई उठल्या.

गेलं सगळं, नत्थूजींना वाटलं. पण जिजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या एकेका तसबिरीपुढे वाकत गेल्या.

"बाई, खोटं नाही बोलत," नत्थूजी कसेबसे म्हणाले. "आमची फक्त देवी. बाकी शेजाऱ्यांचे हायेत. उद्या जातीन आपापल्या घरी."

"मले का दिसत नाही? खिळे कोरे हायेत." जिजाबाई पुन्हा खाली बसल्या. "आन वं पोरी चहा. ज्या घरात चार देव एका भिंतीवर सुखानं राह्यतात, त्या घरच्या पोरीले मी एक सासू काहून जड जाईन?"

"तीन देव," मारोतराव मागून हळूच म्हणाले. "अन् एक बुद्ध."

दुसऱ्या दिवशी तसबिरी आपापल्या घरी गेल्या. नत्थूजी पकड घेऊन स्टुलावर चढले.

"राहू द्या खिळे," रुख्मिणी म्हणाली. "साखरपुड्याले जिजाबाई पह्यले भिंत पाह्यतीन, मंग पोरगी."

संध्याकाळी तिने देवीला ओवाळलं. हात मात्र देवीपाशी थांबला नाही. तिच्याही नकळत निरांजन तिन्ही रिकाम्या खिळ्यांवरून फिरून आलं. चुन्यावर तीन इवल्या सावल्या लांबल्या, वाकल्या, आणि पुन्हा आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.