झाडाला ताप

"एका झाडाला पाणी घालायचं, त्यात काय मोठंसं! डाव्या हातचा मळ!" जावईबापू छाती फुगवून म्हणाले आणि सासरे गावाला गेले.

सासरे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयावर साधा पंखा बंद करायचं कामही सोपवलं नव्हतं. आणि हे झाड तर त्यांचा जीव की प्राण! दमट जंगलातलं, चिरलेल्या पंख्यासारख्या पानांचं. कुणी त्याला ताड म्हटलं की सासरे खवळायचे. "ताडासारखं दिसतं, ताड नव्हे! याचं कूळच वेगळं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू झारी घेऊन गेले आणि जागीच थिजले. पानांच्या बुडाशी एक कणीस उभं होतं. त्यातून पांढरेफटक लांब धागे, पिंजारलेल्या केसांसारखे, चहूबाजूंनी लोंबत होते!

"अगं, धाव! झाडातून जंत निघालेत!"

बायको धावत आली. "हात लावून बघा ना."

"मी? झाड तुझ्या बाबांचं!"

"पण सोपवलंय तुमच्यावर!"

जावईबापूंनी डोळे मिटून बोट टेकवलं आणि किंचाळले, "गरम आहे! झाडाला ताप आलाय!"

"काहीतरीच काय! झाडाला कधी ताप..." तिनेही हात लावला. "अगं बाई! खरंच की हो!"

जावईबापूंच्या मनात आलं, झाड गेलं, तर या घरात उभ्या जन्मात आपल्यावर कुणी विश्वास टाकणार नाही! त्यांनी घाईघाईने कणसावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तेवढ्यात कसल्याशा गोड वासावर बारीक किडे घोंघावत आले.

"किडे पडले! संपलं सगळं!"

झुरळं मारायचा फवारा फुसफुसला. तरी धागे लोंबतच होते. शेवटी कात्री घेऊन त्यांनी एकूण एक धागा छाटला.

आणि बेल वाजली. दारात सासरे! गळ्यात कॅमेरा.

"कळी बघून गेलो होतो. राहवेना, परत आलो."

ते आत गेले आणि तसेच उभे राहिले. जावईबापू लगबगीने पुढे सरसावले.

"बाबा, घाबरू नका! अंगात ताप होता. आता उतरलाय!"

सासऱ्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून ठेवला.

"जावईबापू, ते फूल होतं. फुलताना ते गरम होतं, वास सोडून किड्यांना बोलावतं. हिच्या लग्नाआधीपासून वाट बघत होतो मी."

जावईबापूंनी कात्री पाठीमागे लपवली. "आणि... ते धागे?"

"उद्यापर्यंत आपोआप गळून पडले असते."

जावईबापूंचा चेहरा जरा उजळला.

"म्हणजे बाबा, तसं बघितलं तर फरक एका दिवसाचाच पडला ना!"